बँकेत ठेवलेली मंजुषा

मी पेटी बोलतेय. पैशाची नव्हे, भजनातली नव्हे, आणि सासरी निघालेल्या मुलीबरोबर देतात ती तर नव्हेच. माझ्या पोटात कॉम्प्युटरच्या डझनभर डिस्क आहेत. प्रत्येक डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या. त्या गरागरा फिरतात, आणि माणसं जे जे म्हणून सांभाळायला देतात ते त्या चकत्यांवर उमटून राहतं. कंपनीने मला दिलेलं इंग्रजी नाव लांबलचक होतं. रिसोडला ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. इथे मला सगळे 'ब्यांक' म्हणायचे. त्या नावानेच घात केला, माझाही आणि एका म्हाताऱ्या आईचाही.

माझं मूळ सांगते. माझा जन्म भांडणातून झाला. लांबच्या एका शहरात, एका गार खोलीत काही इंजिनीअर रोज एकमेकांशी तावातावाने भांडायचे, ते माझ्यावरून. माझी आजी कपाटाएवढी होती म्हणे. तिच्या पोटात एकच मोठी चकती. ती एक दिवस अडकली आणि एका कारखान्याचं सगळं काम बुडालं. मग माझी आई आली. ती प्रत्येक गोष्ट दोनदा लिहून ठेवायची. पण तिला जागा दुप्पट लागायची, खर्च दुप्पट यायचा, म्हणून कुणी घेईना.

मग माझी पाळी. त्या इंजिनीअरांची प्रमुख एक बाई होती, बोलायला कडक. तिने ठरवलं की मी कुठलीच गोष्ट एका जागी ठेवायची नाही. तुकडे करायचे, सगळ्या डिस्कवर वाटायचे, आणि प्रत्येक डिस्कने दुसरीच्या तुकड्यांची थोडी थोडी आठवण जवळ ठेवायची. घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेले बोलतात ना, चहा असा फुंकून प्यायचा, चप्पल अशी काढायचा. प्रत्येकाला थोडं थोडं आठवतं, आणि सगळ्यांचं जुळवलं की गेलेला डोळ्यांपुढे उभा राहतो. माझंही तसंच. एक डिस्क मेली तर बाकीच्या मिळून तिचं सगळं परत सांगतात. पण दोन गेल्या तर जुळत नाही. हे त्या बाईने पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

पहिल्या खेपेला मी तापायचे, म्हणून मला पंखे बसवले. दुसऱ्या खेपेला माझा मेंदू बंद पडला, म्हणून दोन मेंदू दिले. नंतर पुढच्या अंगाला दिवे लावले. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. नारिंगी म्हणजे एक डिस्क मेली, लवकर बदला. माझ्या अंगावरची एकेक सुधारणा कुणाचं तरी काम बुडाल्यावर सुचलेली आहे. चाचण्या तर विचारू नका. चालू असताना डिस्क उपटायचे, वीज तोडायचे, भट्टीसारख्या खोलीत कोंडायचे. मी सगळ्यात पास झाले. फक्त एक गोष्ट त्यांना तपासता आली नाही. वर्षानुवर्षं न थांबता फिरलेली डिस्क एखाद्या दिवशी मुद्दाम थांबवली तर काय होतं, ते नव्या कोऱ्या पेटीवर कसं कळणार?

तिथून मी एका बँकेत गेले. तिथे माझी बडदास्त होती. थंड खोली, आत येणारा चपला बाहेर काढून येई, डिस्क मेली की त्याच दिवशी नवी हजर. मला कुणी एक क्षण थांबवलं नाही. पुढे कंपनीने कळवलं की हे मॉडेल आता जुनं झालं, याचे भाग मिळणार नाहीत. माझ्या जागी दुसरी आली. माझं पोट धुऊन पुसून मला विकून टाकलं, आणि फिरत फिरत मी नागपूरच्या एका जुन्या सामानवाल्याच्या दुकानात आले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण माणसांनी आपल्यावरून बनवली असेल, पण लागू आम्हालाही पडते.

तिथे मला सतीशने पाहिलं. सतीशचा रिसोडला लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ. त्याची एक हार्ड डिस्क टेबलावरून पडली होती आणि एका घरचं अख्खं लग्न गेलं होतं. नवरीच्या काकांनी दुकानात येऊन त्याचा उद्धार केला होता. त्यामुळे तो घाबरलेला. माझ्या पाठीवर बँकेचा स्टिकर बघून त्याचे डोळे चमकले. टेम्पोत घालून तो मला घेऊन आला.

त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना सांगायला लागला, तुमचं लग्न ब्यांकेत ठेवलं आहे. लोक हसायचे, मान डोलवायचे. एका पाहुण्याने विचारलं, ब्यांक बुडाली म्हणजे? त्यावर सतीश म्हणाला, बुडते ती पतसंस्था, ब्यांक नाही बुडत. दुकानात मोठा हशा झाला. मीही मनातून फुगले, खोटं कशाला बोलू. पण हा विनोद हळूहळू त्यालाच खरा वाटायला लागला. जुन्या हार्ड डिस्कमधलं सगळं त्याने माझ्यात ओतलं आणि त्या पुसून नव्या शूटिंगला घेतल्या. दुसरी प्रत म्हणून कुठे राहिली नाही. बँकेत ठेवलेली वस्तू कुणी घरात पुन्हा कशाला ठेवील?

माझ्या पोटात किती लग्नं होती! सगळी बघून माझं एक मत झालं आहे. कॅमेरा आला की माणसं आधी केस सारखे करतात आणि मग रडतात. रुसलेला मामा प्रत्येक मांडवात एक असतोच, आणि त्याची समजूत काढणारी माणसंही दरवेळी तीच वाटतात. या सगळ्यांत एक लग्न मात्र माझं होऊन बसलं.

ते मंजुषाचं. रिसोडपासून जीपने थोड्या अंतरावर एक गाव आहे. तिथल्या पुंजाजी आणि भागिरथाबाईंची ती एकुलती एक लेक. तिचं नाव शाळेतल्या गुरुजींनी ठेवलेलं. मंजुषा म्हणजे पेटी, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मला होतं. लग्न गावच्या विहारात लागलं. पांढरी साडी, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या, वंदना झाली, हार घातले, फुलं पडली. लोक जेवायला पळाले. कॅमेरा नवरीवरच होता. तेवढ्यात ती बाजूला बघून म्हणाली, "माय, तू जेवली काय? पहिले जेव, मंग रडजो." आणि स्वतःच फसकन हसली.

घरी जी सीडी दिली तिच्यात हे वाक्य नव्हतं. सगळे स्टुडिओवाले करतात तसं सतीशनेही वरून सनईचं गाणं टाकलं होतं. मंजुषाचे ओठ हलतात आणि गाणं ऐकू येतं. तिचा आवाज होता तो मूळ शूटिंगमध्ये, म्हणजे माझ्याकडे. ती नांदायला अनसिंगला गेली आणि पुढे पहिल्याच बाळंतपणात वारली. बाळही राहिलं नाही. त्या काळी त्यांच्या घरात बटणांचा साधा फोन होता. तिचा आवाज जगात दुसरा कुठेच नव्हता.

भिंतीवर लावायला मोठा फोटो करून घ्यावा म्हणून भागिरथाबाई दुकानात आल्या. चांगला चेहरा मिळावा म्हणून सतीशने मूळ शूटिंग उघडलं. स्पीकर चालू राहिला होता. मंजुषा बोलली. भागिरथाबाई होत्या तिथेच फरशीवर बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, अजून एकडाव लावा."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी त्या यायच्या. भाजीची थैली दाराशी ठेवायची, जयभीम भाऊ म्हणायचं, खुर्चीच्या कडेला बसायचं. सतीश ते वाक्य लावायचा. एकदा, फार तर दोनदा. मग त्या पदराने तोंड पुसून जीप गाठायच्या. सतीशची बायको सपना दुकानात बसायला लागल्यापासून त्यांना चहाही मिळायचा.

सतीश वाईट माणूस नाही. त्याने त्यांना कितीदा सांगितलं, मावशी, पेनड्राइव्हमध्ये देतो, कुणाच्या मोबाइलमध्ये टाकून देतो, घरी बसून ऐका. त्या नको म्हणायच्या. पुंजाजींनी लेक गेल्यावर टीव्हीवर चादर टाकली होती. एकदा शेजारच्या पोरांनी ती सीडी लावली, तर ते उठून वावरात गेले आणि दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही. म्हणून भागिरथाबाईंनी त्यांना सांगून टाकलं होतं की दुकानात पोरीचा आवाज आहे, तो तिथेच राहील, घरात येणार नाही.

"तिले इथंच राहू द्या," त्या सतीशला म्हणाल्या. "घरी नेली त हा मानूस मरन. इथं ब्यांकेत हाय, मले तेवढा आधार पुरे."

मला तेव्हा वाटलं, त्या थंड खोलीत मी लोकांच्या कोट्यवधी रुपयांचे हिशेब सांभाळले, पण मला कुणी कधी आधार म्हटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात माझी एक डिस्क मेली. नारिंगी दिवा लागला, भोंगा वाजला. सतीशने भोंग्याचं बटण दाबून तो बंद केला आणि नागपूरला फोन लावला. तसली डिस्क आता निघत नाही, शोधून बघतो, असं उत्तर आलं. मी तर चालत होते. लग्नं उघडत होती. मेलेल्या डिस्कचं बाकीच्या बिनबोभाट सांगत होत्या. मग सतीश म्हणाला, दिवाळी झाली की बघू. येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हा दिवा काहून जळून राह्यला? सपना कंटाळली. तिने स्वतःच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. नंतर कुणी विचारलं नाही.

मग दसरा आला. वर्ष वाईट गेलं होतं. आता मोबाइलवरच शूटिंग करतात, ऑर्डरी तुटल्या होत्या, एक कॅमेरा चोरीला गेला होता. सपनाच्या माहेरी पिठाची चक्की. तिथे दसऱ्याला चक्की धुऊन, पुसून, हार घालून दिवसभर बंद ठेवतात. दळण आलं तरी परत पाठवतात. सतीश मात्र दरवर्षी माझ्या डोक्यावर एक झेंडूचं फूल ठेवून कामाला लागायचा. सपनाला ते खटकत होतं. ती म्हणाली, आपल्या दुकानाला बरकत नाही ती यामुळेच.

"ज्याच्यावर आपलं पोट चालते, त्याले वर्षातून एक दिवस आराम नको काय?" ती म्हणाली. "बिचारी रातदिवस राबून राह्यली."

सतीशला पटलं. शिवाय त्याचा स्वतःचाही एक हिशेब होता, की चालू असताना अक्षता वाहिल्या तर तांदूळ पंख्यात जातील. इन्व्हर्टर आल्यापासून लोडशेडिंगमध्येही मी कधी थांबले नव्हते. त्याने सगळं रीतसर बंद केलं आणि बटण खाली केलं.

माझे पंखे थांबले. चकत्या हळू होत होत थांबल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी शांतता ऐकली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. सपनाने ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, समोर नारळ फोडला. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. दिवसभर मी गार होत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतीशने बटण वर केलं. पंखे सुरू झाले. एकेक डिस्क उठली. एक उठली नाही. वर्षानुवर्षं फिरून फिरून तिचे सांधे झिजले होते, फिरण्याच्या भरातच ती जगली होती. गार पडल्यावर ती जागची हलेना. नुसती टक् टक् करत राहिली. एक आधीच मेलेली, ही दुसरी. फळ्यावर लिहिलेलं खरं झालं.

सतीशने मला बंद-चालू केलं, पुन्हा केलं, हार काढून फेकला, स्क्रू काढून त्या डिस्कला बोटाने टिचक्या मारल्या. अकोल्याहून एक जाणकार आला. त्याने पाहिलं आणि विचारलं, दुसरी प्रत कुठे आहे? सतीश म्हणाला, ही ब्यांकेची मशीन आहे. जाणकार त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. सपना माझ्याजवळ उभी होती. ती हळूच म्हणाली, मी तर तिच्या भल्यासाठीच म्हटलं होतं. तिला कुणी बोल लावला नाही, पण ती त्या दिवसापासून माझ्याकडे बघेनाशी झाली.

नवल म्हणजे माझ्या पोटातली एवढी लग्नं बुडाली आणि कुणी विचारायलाही आलं नाही. लोकांकडे अल्बम होते, सीड्या होत्या, आणि खरं तर लग्नानंतर ते फारसं कुणी बघतच नाही. विचारायला एकच आली.

पहिल्या बाजाराला सतीशने भागिरथाबाईंना सांगितलं, मशीन बिघडली आहे, पुढच्या बाजाराला या. बिमार हाय काय ते, असं म्हणून त्यांनी माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. पुढच्या बाजाराला तो म्हणाला, नागपूरला सामान सांगितलं आहे. त्याच्या पुढच्या वेळी तो त्यांना येताना बघून मागच्या दाराने निघून गेला. त्या चहा पिऊन, वाट बघून परत गेल्या. शेवटी सपनाच म्हणाली, म्हातारीला असं फिरवू नका, पाप लागेल.

मग त्याने सांगितलं. मावशी, गेलं सगळं. आता निघत नाही.

भागिरथाबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमीच त काढली होती शूटिंग. तुमाले आठवत असन न, कशी बोलली ते?"

सतीशला आठवत होते ते शब्द. त्याने ते म्हणून दाखवले. भागिरथाबाईंनी मान हलवली आणि स्वतः म्हणून पाहिलं. माय, तू जेवली काय. थांबल्या. पुन्हा म्हटलं, जरा वरच्या सुरात. मग एकदा हसून म्हटलं. सपनाने तोंडाला पदर लावला. मी माझ्या उरलेल्या डिस्कवर मंजुषाचे तुकडे धरून बसले होते आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. असा राग मला कधी आला नव्हता. सतीशचा आला, टिकलीचा आला, त्या हाराचा आला.

"नाही," भागिरथाबाई म्हणाल्या. "माहाच आवाज येऊन राह्यला. तिचा नाही येत."

थैली उचलून त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

काही बाजार गेले आणि एके दिवशी पुंजाजी आले. या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते. कानाला कमी ऐकू येणारा, उंच, वाकलेला माणूस. टोपी हातात धरून उभे राहिले. सतीशने खुर्ची दिली. मग ते जे सांगत गेले त्यावरून कळलं की भागिरथाबाईंनी त्यांना माझं मरण सांगितलंच नव्हतं. त्या घरात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघतात, भाकर थापताना म्हणतात, भांडी घासताना म्हणतात, आणि दरवेळी पुंजाजींना विचारतात, अशीच म्हने काय ती? पुंजाजींना आठवत नाही. लेकीचा आवाज आपण विसरलो, हे त्यांना घरात बोलता येत नव्हतं. म्हणून ते मन घट्ट करून आले होते.

"मले पाहाचं नाही," ते म्हणाले. "पाहनं नाही होनार माह्यानं. फक्त ऐकू द्या. घरी जाऊन तिले सांगतो, कशी म्हने ते."

सतीशने सपनाकडे पाहिलं. सपनाने मान खाली घातली. जे एकदा सांगितलं होतं ते दुसऱ्यांदा सांगायचं बळ त्याच्यात नव्हतं. तो उठला आणि त्याने माझं बटण वर केलं.

माझे पंखे घुमले. उठणाऱ्या डिस्क उठल्या, न उठणारी टक् टक् करू लागली. पुंजाजींनी डोळे मिटून त्यावर हात धरले आणि कान माझ्या पत्र्याजवळ आणला. त्यांचा श्वास मला लागत होता. ते ऐकत होते, आणि पंख्यांच्या घरघरीशिवाय माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. बाहेर बाजाराची गडबड चालली होती, जीपवाले गावांची नावं ओरडत होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळ्यांवरचे हात काढले.

"झालं काय बोलून तिचं?"

सतीश म्हणाला, "झालं, बाबा."

"मले नाही आलं ऐकू," पुंजाजी म्हणाले. "कानच गेले माहे."

पुन्हा लावा, असं ते म्हणाले नाहीत. टोपी घातली, सतीशला हात जोडले आणि जीपच्या दिशेने गेले. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर सतीशला मी दुकानात नकोशी झाले. त्याने भंगारवाल्या किशनभाऊला बोलावलं. आता मी किशनभाऊच्या भंगारात, कूलरच्या पत्र्यांखाली पडून आहे. ॲल्युमिनियम वेगळं, तांबं वेगळं, डिस्कमधलं लोहचुंबक वेगळं, असं तो काढतो. त्यासाठी डिस्क फोडावी लागते. माझ्याशेजारची एक जुनी कॉम्प्युटरची पेटी काल फोडून झाली.

किशनभाऊ, तुझ्यावर माझा राग नाही. तू तुझं काम करतोस, आणि मी आता कुणाच्या कामाची नाही. एवढंच सांगायचं होतं की मंजुषा माझ्यातून गेलेली नाही. तिचा 'माय' एका चकतीवर आहे, 'जेव' दुसरीवर आहे, हसू दोघीतिघींत वाटलेलं आहे. मला ती जुळवता आली नाही, कुणालाच येणार नाही. तरी माझी पाळी येईल तेव्हा हातोडा जरा हळू घाल. आत कुणाची तरी लेक आहे.